मलयाळम आणि हिब्रू : तुलनेचे योग्य क्षेत्र

दोन भाषांची तुलना तीन भूमिकांवरून करता येते. त्या एकाच मूळ भाषेपासून निघाल्या आहेत काय, हे पाहावयाचे. त्यांचा परस्परांशी सहवास घडला काय, हे शोधावयाचे. अथवा केवळ त्यांच्या घडणीतील भेद ताडून पाहावयाचा. या तिन्ही भूमिकांना लागणारा पुरावा भिन्न असतो. मलयाळम व हिब्रू यांच्या साम्याविषयी जे लिहिले जाते त्यात हा विवेक पुष्कळदा सुटतो आणि सहवासाचा पुरावा नात्याच्या खाती जमा होतो.

ही प्रवृत्ती जुनी आहे. रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ साली प्रसिद्ध केलेल्या द्राविड भाषांच्या तौलनिक व्याकरणात सेमिटिक शब्दांशी साम्य दाखविणारी शब्दसूची आहे. मात्र द्राविड भाषांचा निकट संबंध त्यांनी सेमिटिक कुलाशी न जोडता ज्याला ते 'सिथियन' म्हणत त्या गटाशी जोडला होता. पुढील हौशी तुलनाकारांनी सूची उचलली आणि हा संयम मात्र सोडून दिला.

'अप्पन' व 'अब्बा', 'अम्मा' व 'इम्मा' या जोड्या नेहमी पुढे केल्या जातात. परंतु जुन्या हिब्रूतील मूळ शब्द 'आव' आणि 'एम' हे होत. 'अब्बा' व 'इम्मा' ही आरामी भाषेतून आलेली रूपे आहेत. शिवाय ओष्ठ्य व्यंजन आणि 'अ'कार यांनी घडलेले असे शब्द बालकाच्या पहिल्या उच्चारांतून जगभर स्वतंत्रपणे निर्माण होतात, हे रोमान याकॉबसन यांनी दाखविले आहे. नाते सिद्ध करावयाचे तर नियमित ध्वनिसंवाद आणि प्रत्ययांचे साम्य दाखविले पाहिजे. ते येथे आढळत नाही.

शब्दांच्या देवघेवीचा प्रश्न याहून गंभीर आहे. बायबलच्या 'राजे' या ग्रंथात शलमोनाच्या जहाजांतून आलेल्या वस्तूंमध्ये 'तुक्कीयीम' यांचा उल्लेख आहे. या शब्दाचा अर्थ परंपरेने मोर असा केला जातो आणि तमिळ 'तोगै', मलयाळम 'तोक' (मोराचा पिसारा) यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. सुगंधी लाकडाचा वाचक 'अहालीम' हा शब्द 'अकिल'शी जोडतात. ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही. ती मान्य केली तरी तिच्यातून मलयाळमविषयी काहीच सिद्ध होत नाही. त्या प्राचीन काळी मलयाळम ही पृथक् भाषा अस्तित्वात नव्हती. ती तमिळच्या पश्चिमेकडील बोलीपासून बऱ्याच शतकांनंतर वेगळी झाली. ऋणको कोण हे ठरविताना धनको त्या वेळी जन्मला होता काय, हे प्रथम पाहावयास हवे.

घडणीच्या दृष्टीने या दोन भाषा जवळजवळ दोन टोकांना उभ्या आहेत. हिब्रूत क्-त्-व् या तीन व्यंजनांच्या सांगाड्यात स्वर आणि उपसर्ग भरून 'कातव' (लिहिले), 'कोतेव' (लिहिणारा), 'मिख्ताव' (पत्र) ही रूपे साधतात. अरबीमार्गे मराठीत रुळलेला 'किताब' हा शब्द याच सेमिटिक धातूचा. मलयाळममध्ये 'एऴुत्-' या अंगापुढे प्रत्यय जुळत जातात : 'एऴुति', 'एऴुतुन्नु', 'एऴुतुम'. हिब्रू क्रियापद कर्त्याचा पुरुष, वचन आणि बहुधा लिंगही दर्शविते. मलयाळममध्ये मी, तू, तो, ती या सर्वांना 'वन्नु' (आला, आली) हे एकच रूप पुरते. विशेष हे की, ही अनुरूपता तमिळमध्ये टिकून आहे आणि मलयाळमने ती गमावली आहे. म्हणजे या बाबतीत मलयाळम हिब्रूच्या जवळ न येता अधिकच दूर गेली.

मग तुलनेला विषय उरतो कोणता? तो केरळच्या इतिहासात आहे. इ. स. ८४९ च्या कोल्लम ताम्रपटावरील साक्षीदारांच्या स्वाक्षऱ्यांत हिब्रू अक्षरे दिसतात. परंतु त्यांची भाषा यहुदी फारसी आहे, हे विसरता कामा नये. लिपी हा भाषेचा पुरावा नव्हे. इ. स. १००० च्या सुमारास भास्कर रविवर्मन याने दिलेल्या ताम्रपटात जोसेफ रब्बान हे नाव 'ईस्सुप्पु इरप्पान' असे येते. आरंभीच्या 'र'पूर्वी आलेला 'इ' आणि 'फ'च्या जागी आलेला 'प्प' ही द्राविड उच्चारपद्धतीची खूण होय. चेंदमंगलम येथील १२६९ सालच्या हिब्रू समाधिशिलेवरून हिब्रूची तेथील परंपराही निश्चित होते.

कोचीनच्या यहुदी समाजाच्या मलयाळममध्ये हा सहवास जिवंत रूपाने दिसतो. कोणी निवर्तला म्हणजे 'शालोम आयि' असे म्हणत. 'शालोम' (शांती) हा शब्द हिब्रू. 'आयि' (झाला) हे क्रियापद मलयाळम. मराठीतील 'शांत झाला' या प्रयोगाशी ताडून पाहिल्यास साचा हिब्रूचा नाही, हे सहज ध्यानी येते. हिब्रूने नाम दिले, पण आपली धातुव्यवस्था दिली नाही. वाक्याचा कारभार मलयाळमच्याच हाती राहिला.

याहून सूक्ष्म साहित्य अनुवादात सापडते. हिब्रू धर्मवचनांचा शब्दानुसारी मलयाळम अर्थ सांगण्याच्या प्रथेस 'तम्सीर' म्हणतात. हिब्रूतील 'अविनू' (आमचा पिता) या रूपातील '-नू' प्रत्ययात श्रोत्याचा समावेश आहे की नाही, हे कळत नाही. मलयाळममध्ये मात्र 'ञङ्ङळ' आणि 'नम्मळ' यांत, मराठीतील 'आम्ही' आणि 'आपण' यांप्रमाणे, निवड करावीच लागते. ईश्वराला उद्देशून बोलताना 'ञङ्ङळ'च योग्य. सभेला उद्देशून बोलताना 'नम्मळ'ही संभवते. प्रत्येक अनुवादक मूळ भाषेने न केलेला निर्णय करीत असतो. दोन व्याकरणांची खरी तुलना अशा स्थळी होते.

या अभ्यासाला काळाची मर्यादा आहे. हा समाज मुख्यतः १९५० नंतरच्या दशकात इस्राएलला गेला; त्यांची पुढील पिढी हिब्रू बोलते. स्त्रियांनी मलयाळम लिपीत उतरवून ठेवलेल्या गीतांच्या वह्यांपैकी निवडक गीते 'कार्कुऴली' या नावाने २००५ साली स्कारिया झकारिया व ओफिरा गॅम्लिएल यांनी हिब्रू अनुवादासह प्रसिद्ध केली. वह्या टिकतील, परंतु हिब्रूतील ज्या घर्षक कंठ्य वर्णांना मलयाळम लिपीत अक्षर नाही, त्यांचा उच्चार या गायिका कसा करीत, हे केवळ लिखितावरून कळणार नाही. त्यासाठी ती बोली लहानपणी ऐकलेल्या वृद्धांचे उच्चार ध्वनिमुद्रित होणे अगत्याचे आहे.

मराठीच्या अभ्यासकांनाही हा प्रश्न परका नाही. जॉन विल्सन यांनी बेने इस्रायलांसाठी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मांडली होती आणि एकोणिसाव्या शतकात कोचीनचे यहुदी शिक्षक कोकणातील या समाजात हिब्रू शिकवीत होते. एकाच धर्मभाषेला मराठीने आणि मलयाळमने कसे आपलेसे केले, हे परस्परांशेजारी ठेवून पाहणे फलदायी ठरेल. काल्पनिक नात्याच्या शोधात खर्ची पडणारे श्रम या प्रत्यक्ष सहवासाकडे वळले, तरच या तुलनेला शास्त्राचे स्वरूप येईल.