तेहतीस तास आणि सव्वीस वर्षे

‘विमानातून खाली पाहिले असता घरे काडेपेट्यांसारखी आणि माणसे मुंग्यांसारखी दिसत होती.’ निबंधाच्या वहीत हे वाक्य कधी न सापडलेला मराठीचा शिक्षक मला कोणी दाखवावा! ते लिहिणाऱ्या मुलाने विमान पाहिलेले असते ते बहुधा घराच्या गच्चीवरून. पण त्या बिचाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. ज्यांनी स्वतः विमान हाकले, डोंगर आणि समुद्र ओलांडले, त्यांतल्या पुष्कळांनी तरी याहून निराळे काय लिहिले आहे? आकाशाचे वर्णन करायला बसले की लेखणीला चारपाच गोष्टीच सुचतात. ढगांचा कापूस, नद्यांच्या रुपेरी दोऱ्या, शेतांची गोधडी आणि मग मनुष्याच्या क्षुद्रतेवर एक लांबलचक परिच्छेद. पाचव्या पानावर वाचकाला जांभई येते.

वस्तुतः लहान विमानातला लांबचा प्रवास हा लेखकाच्या दृष्टीने मोठा अवघड विषय आहे. माणूस तासन्‌तास एका खुर्चीत जखडलेला. कानाशी एंजिनाची एकसुरी घरघर. जमीन सावकाश मागे सरते आहे. घडत काहीच नाही, आणि घडलेच तर ते सांगायला लेखक उरेल याची खात्री नाही. बैलगाडीच्या प्रवासात वाटेत माणसे भेटतात, चाक मोडते, कुणाच्या तरी ओसरीवर रात्र काढावी लागते. आकाशात कसली आली आहे ओसरी? तेव्हा अशा प्रवासाचे पुस्तक बनते तरी कशाचे, हे कुतूहल मनात धरून मी ही पुस्तके मिळतील तशी, शब्दकोश शेजारी ठेवून, वाचीत आले. त्यांतल्या चारपाचांविषयी येथे लिहिते आहे. सगळीच मला आवडली असे नाही.

आरंभ चार्ल्स लिंडबर्गपासून करणे भाग आहे, कारण त्याने एकच प्रवास दोनदा लिहिला. २० मे १९२७ रोजी सकाळी तो न्यूयॉर्कजवळच्या रूझवेल्ट फील्डवरून उडाला आणि दुसऱ्या दिवशी रात्री पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळावर उतरला. साडेतेहतीस तास, एक एंजिन आणि एकटा माणूस. जवळ रेडिओ नाही, पॅराशूट नाही. नाकासमोर पेट्रोलची मोठी टाकी बसवलेली असल्यामुळे समोरचे दिसायची सोयच नव्हती. बाजूच्या खिडकीतून, नाही तर एका लहानशा पेरिस्कोपातून डोकवायचे. त्या वेळी त्याचे वय अवघे २५. त्याच वर्षी त्याचे ‘वुई’ नावाचे पुस्तक निघाले. प्रकाशकाला घाई होती आणि जगालाही घाई होती. एका पत्रकाराने त्याच्या नावावर लिहून दिलेला मजकूर त्याला पसंत पडेना, म्हणून त्याने काही आठवड्यांत स्वतःच ते लिहून काढले. पुस्तक प्रामाणिक आहे, पण एखाद्या ओव्हरसियरने पुलाच्या कामाचा अहवाल लिहावा तसे. ज्या तासांसाठी जग वेडे झाले, ते तास त्यात थोडक्या पानांत उरकले आहेत.

पुढे सुमारे चौदा वर्षे तो तोच प्रवास पुन्हा लिहीत होता. १९५३ साली ‘द स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. या पुस्तकात उड्डाणाच्या एकेका तासाला स्वतंत्र जागा आहे. पण त्या तासांत आहे काय? पेट्रोलची टाकी बदलणे, तास सरल्याची पेन्सिलीची खूण करणे, होकायंत्राकडे पाहणे आणि झोपेशी झगडणे. आदली रात्रही जागरणातच गेलेली. पापण्या बोटांनी उचलून धराव्या लागतात. विमान असे चंचल, की हात जरा सैल पडला की ते एका अंगाला कलायचे, आणि त्या कलण्यानेच तो जागा राहिला. मधूनच मिनेसोटातले शेत, आई, टपाल विमानावरचे दिवस मनात येतात आणि निघून जातात. आणि मग पहाटेच्या सुमारास पाठीमागे, विमानाच्या पोटात, त्याला कोणीतरी बसलेले जाणवते. धूसर आकृती येतात, बोलतात, सल्ला देतात, नाहीशा होतात. त्याला भीती वाटत नाही; ती जणू ओळखीचीच माणसे आहेत.

ही गोष्ट १९२७ च्या पुस्तकात नाही. का नसावी, याचा तर्क करणे कठीण नाही. सगळे जग ज्याला पोलादी मनाचा वीर म्हणून खांद्यावर घेऊन नाचते आहे, त्या पंचविशीतल्या तरुणाने ‘मला विमानात माणसे दिसली’ असे कसे सांगावे? ते सांगायला पन्नाशी गाठावी लागली, वीरपण उतरावे लागले. पहिल्या पुस्तकात पराक्रमाची बातमी आहे; दुसऱ्यात तो माणूस आहे. प्रवासाला तेहतीस तास लागले आणि तो लिहिण्याजोगा व्हायला सव्वीस वर्षे, असे मी म्हणते ते याच अर्थाने.

येथे मला आपले गोडसे भटजी आठवतात. वरसईचे विष्णुभट १८५७ साली चार पैसे मिळवून कर्ज फेडावे म्हणून उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वावटळीत सापडले. ‘माझा प्रवास’ त्यांनी लिहिला तो १८८३ च्या सुमारास, आणि छापला गेला १९०७ साली. तेथेही पंचवीसएक वर्षे मध्ये गेलेली. झाशीच्या वेढ्याची तारीखवार हकीकत इतिहासकार देतीलच. पण त्या धामधुमीत भुकेला ब्राह्मण काय खातो, कमरेचे पैसे कुठे दडवतो, कशाला भितो, हे भटजीच सांगू जाणे. लिंडबर्गचे दुसरे पुस्तक वाचताना मला वाटले, या दोघांची एका पंगतीत गाठ पडती तर बरे जमले असते. दोघांनाही बढाईचे वावडे.

नुसता काळ लोटला की पुस्तक आपोआप पिकते, असे मात्र कोणी समजू नये. लिंडबर्गच्या पत्नीचेच उदाहरण याच्या उलट आहे. ॲन मॉरो लिंडबर्ग ही नवऱ्याबरोबर विमानात रेडिओचे काम पाहत असे. त्यासाठी ती मुद्दाम मोर्सची लिपी शिकली. १९३३ च्या अखेरीस आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून ब्राझीलला जाताना जे दहा दिवस गेले, त्यांवर तिने ‘लिसन! द विंड’ हे पुस्तक लिहिले आणि ते पाच वर्षांतच, १९३८ साली, बाहेर आले. उड्डाणाच्या साहित्यात याच्यासारखे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही, कारण त्याचा बराचसा भाग विमान उडत का नाही याविषयी आहे! विमान पाण्यावरून उडणारे. एका बेटावर वारा आणि लाटा इतक्या की तेथून भरलेल्या टाक्यांनिशी निघणे अशक्य. म्हणून मागे फिरून आफ्रिकेत बाथर्स्टला आले, तर तेथे पान हलत नाही. समोरून वारा नसेल तर पेट्रोलाने जड झालेले विमान पाणी सोडीत नाही. पाणी त्याला धरून ठेवते. नदीवर धाव घ्यायची, फेस उडवायचा आणि हताश होऊन परत यायचे. मग सामान कमी करायचे. हे काढ, ते काढ, याचे वजन किती, त्याचे किती. मुंबईच्या बिऱ्हाडातून बदलीच्या गावी निघालेल्या बाईने ट्रंका उपसाव्यात तशी ही प्रकरणे आहेत, आणि त्यांत पराक्रमाच्या कथेपेक्षा अधिक उत्कंठा आहे. झाडाचे पान हलले का, निशाणाचे कापड फडफडले का, याकडे तिच्याबरोबर आपलेही डोळे लागतात. शेवटी एका रात्री विमान पाणी सोडते, तेव्हा आपल्याच पायांखालून काहीतरी सुटल्यासारखे होते. या प्रवासाच्या आदल्या वर्षी, १९३२ साली, या जोडप्याचे तान्हे मूल पळवून नेऊन मारले गेले होते. त्या दुःखाचे भांडवल या पुस्तकात नाही. मी बाईची बाजू घेते आहे असे कोणी म्हणेल, म्हणो बापडे. दोघा नवराबायकोंत लेखणी तिचीच सरस आहे.

‘छोटा राजकुमार’मुळे घरोघर ठाऊक झालेला फ्रेंच वैमानिक सेंट-एक्झुपेरी याच्याविषयी मात्र माझे मत थोडे वाकडे आहे. त्याच्या ‘तेर देझ ओम’ (१९३९) या पुस्तकाची सगळीकडे फार वाहवा होते. पण विमान वर गेले की याचे तत्त्वज्ञान सुरू होते. तारे पाहिले की मानवजात आठवते. सुभाषिते उत्तम असतात, पण सुभाषितांचा भडिमार झाला की हरदासाच्या कीर्तनात पूर्वरंगच संपत नाही तसे वाटू लागते. १९३५ च्या डिसेंबरात पॅरिसहून सायगावला जाताना तो आणि त्याचा मेकॅनिक प्रेव्हो वाळवंटात आदळले, ते प्रकरण मात्र अपूर्व आहे. मोडक्या विमानात एक संत्रे सापडते, ते दोघे वाटून खातात. पॅराशूटचे कापड पसरून दव गोळा करतात, ते पिऊन ओकाऱ्या होतात. चालतात, मृगजळे पाहतात, आणि अखेर उंटावरचा एक बदू त्यांना पाणी पाजतो. या प्रकरणात तो पायी चालतो आहे. जमिनीवर आला आणि लेखक झाला!

सणाच्या दिवसांत घरात सर्वांनी मिळून वाचावे असे यातले पुस्तक कोणते म्हणाल, तर रिंकर बक याचे ‘फ्लाइट ऑफ पॅसेज’. १९६६ च्या उन्हाळ्यात कर्न नावाचा सतरा वर्षांचा मुलगा आणि त्याचा पंधरा वर्षांचा भाऊ रिंकर न्यू जर्सीहून निघून, अमेरिका आडवी कापीत, थेट कॅलिफोर्नियाला गेले. विमान होते पायपर कब. जुने, तीनशे डॉलरला घेतलेले आणि हिवाळाभर घराजवळच्या कोठारात उलगडून पुन्हा जोडलेले. त्यात रेडिओ नाही, दिवे नाहीत. मांडीवर नकाशा आणि खाली हमरस्ते, रेल्वेचे रूळ आणि नद्या. टेक्सासात डोंगर आडवे येतात. ग्वादालूपच्या खिंडीतून जायचे तर त्या चिमुकल्या यंत्राने जितके चढवेल तितके चढायचे आणि वाऱ्याचे रट्टे खायचे. हा भाग वाचताना कोणाही आईचा जीव टांगणीला लागेल.

पण पुस्तकाचा जीव त्या खिंडीत नाही. तो आहे वडिलांत. टॉम बक हे एके काळचे हुन्नरी वैमानिक. विमानाच्या अपघातात एक पाय गमावलेले. घरात अकरा मुले आणि तोंडात तरुणपणच्या आकाशातल्या गोष्टी, त्याही थोड्या मीठमसाला लावलेल्या. ही स्वारी मुलांना सांगते, वाळवंटावरून जायचे तर विमानाच्या चाकांपाशी पाण्याची पिशवी टांगलीच पाहिजे. तसली पिशवी कुठल्या दुकानात मिळता मिळत नाही. पुस्तकभर ही पिशवी माणसाचा पिच्छा पुरवते. आधी आपण हसतो. मग हळूहळू ध्यानात येते, की ज्या माणसाला पोरांबरोबर उडता येत नाही, त्याला स्वतःचे काहीतरी त्या विमानाला टांगून पाठवायचे आहे. थोरल्याला बापाची छाया सोडून स्वतःचे काही करून दाखवायचे असते. धाकट्याला थोरला नीटसा आवडतच नसतो. एका अरुंद डब्यात पुढेमागे बसून, एंजिनाच्या आवाजात ओरडून बोलत, ते देश ओलांडतात आणि भाऊ होतात. हे पुस्तक निघाले १९९७ साली. म्हणजे येथेही एकतीस वर्षे! पंधरा वर्षांच्या रिंकरने ते लिहिले असते तर त्यात खिंड असती, वडील नसते. एक दोष सांगायला हवा: संवाद इतके खडान्‌खडा दिले आहेत, की तीस वर्षांपूर्वीचे बोलणे एवढे आठवते कसे असा संशय येतो. पण गोष्ट सांगणाऱ्या माणसाला तेवढी सूट आपल्याकडच्या आज्याही घेतातच.

आता आपल्याकडचे पाहू. १९३० साली आगाखानांनी बक्षीस लावले होते: इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधले अंतर जो हिंदी माणूस पहिल्यांदा एकट्याने, ठरलेल्या मुदतीत, विमानाने कापील त्याला पाचशे पौंड. कराचीहून जे. आर. डी. टाटा निघाले, वय पंचवीस. इंग्लंडहून आस्पी इंजिनिअर निघाले, वय सतरा. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ. मिसर देशात अबुकीरच्या तळावर टाटा उतरले, तो तेथे आस्पी अडकून पडलेले. एंजिनाला स्पार्क प्लग हवे होते आणि ते मिळत नव्हते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले. पुढे काही तासांच्या फरकाने बक्षीस आस्पींना मिळाले. हेच आस्पी १९६० साली हवाई दलाचे प्रमुख झाले. आणि टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. जुहूचा तो तळ म्हणजे पावसाळ्यात नुसता चिखल. तेवढे महिने पुण्याच्या येरवड्याहून काम चालवावे लागे.

प्लगांची ही कथा खिलाडू वृत्तीचा धडा म्हणून चार ओळींत सांगितली जाते, आणि चार ओळींतच संपते. रु. म. लाला यांच्या इंग्रजी चरित्रात (१९९२) ती आहे, आणि चांगली आहे. पण चरित्रकार बोलूनचालून जमिनीवरचा माणूस. टाटांनी आत्मचरित्र लिहिले नाही. १९८२ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी लेपर्ड मॉथमधून तोच कराची–मुंबई प्रवास पुन्हा एकट्याने केला. म्हणजे त्या दिवसांवर पन्नास वर्षे लोटली होती, लिंडबर्गपेक्षा दुपटीने. छायाचित्रे निघाली, भाषणे झाली. मला वाचायचे होते ते दुसरेच. जादा प्लग देऊन टाकल्यावर अबुकीरहून पुढे जाताना, समुद्रावर एंजिनाचा सूर जरासा बदलला, किंवा बदलल्याचा नुसता भास झाला, तेव्हा पंचवीस वर्षांच्या त्या माणसाच्या पोटात काय झाले? दिल्याचा आनंद होता, की ‘एखादा ठेवून घ्यायला हवा होता’ असे क्षणभर वाटले? ते पान त्यांच्याखेरीज कोणाला लिहिता आले नसते. ते आता मिळणार नाही. म्हणून मी रिंकर बकचे पुस्तक पुन्हा काढले आहे, आणि या सुटीत पाण्याच्या पिशवीचे प्रकरण घरातल्या पोरांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे.