होमरचा दुभाष्या

विद्या सोपी करून वाटणाऱ्या पंडिताकडे त्याचे सहाध्यायी बहुधा किंचित् संशयानेंच पाहतात. ई. व्ही. रियू यांनीं हा संशय पत्करला. ऑक्सफर्ड येथें शिकलेल्या या गृहस्थांनीं १९१२ सालीं ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसची शाखा मुंबईस उघडली आणि पहिल्या महायुद्धांत मराठा पलटणींतही नोकरी केली. पुढें ते आपल्या पत्नीस होमरचें ‘ओडिसी’ इंग्रजी करून ऐकवूं लागले. त्या वाचनांतूनच १९४६ सालीं प्रसिद्ध झालेलें त्यांचें गद्य भाषांतर निपजलें. ‘पेंग्विन क्लासिक्स’ या मालेंतील तो पहिला ग्रंथ. त्याच्या तीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

या गद्याचा गुण पाहावयाचा तर सतरावा सर्ग पाहावा. वीस वर्षांनीं परतलेला ओडिसिअस भिकाऱ्याच्या वेषांत स्वतःच्याच दाराशीं येतो. उकिरड्यावर पडलेला त्याचा म्हातारा कुत्रा त्याला ओळखतो, शेपूट हालवितो आणि प्राण सोडतो. धन्याला आपले अश्रू चोरून पुसावे लागतात. येथें रियूंची साधी भाषा प्रसंगाच्या आड येत नाहीं, आणि वाचकाचा कंठ दाटून येतो.

तथापि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. होमरचें काव्य मूळचें ऐकण्याचें आहे. तींच विशेषणें, त्याच ओळी पुनःपुन्हां येतात. गुलाबी बोटांची उषा कीर्तनांतल्या पालुपदासारखी परत येते. रियूंना ही पुनरुक्ति खटकली असावी. ते तीच ओळ निरनिराळ्या ठिकाणीं निराळ्या शब्दांत मांडतात. परिणामीं गोष्ट राहते, गायक दिसेनासा होतो. ज्ञानदेवांनीं गीता सर्वांस खुली केली, पण ओवीचा नाद ठेवला, हें येथें सहज आठवतें. रियूंच्या चिरंजीवांनीं १९९१ सालीं सुधारलेली आवृत्ति काढून तें भाषांतर मुळाच्या अधिक जवळ आणलें. अर्थात् सुधारणेस जागा होती.

इतकें असूनही माझें मत रियूंच्याच बाजूस झुकतें. मला ग्रीक येत नाहीं. पोपचें छंदोबद्ध होमर माझ्या कपाटांत कित्येक वर्षें आदरानें उभें होतें. रियूंचें पुस्तक मात्र मीं दोन रात्रींत संपविलें, आणि तिसऱ्या रात्रीं त्या कुत्र्याची गोष्ट घरांतील मुलांना मराठींत सांगितली. होमर त्या दिवशीं आमच्या घरीं प्रथम आला.