बारा बोअर आणि एक पंप

ज्या विषयावर टीका करायची तो विषय टीकाकाराच्या मालकीचा असावा लागत नाही, ही आपल्याकडची एक जुनी सोय आहे. कवितेची एक ओळ न लिहिता कवितेवर चारशे पाने लिहिता येतात. घरी हार्मोनियम नसलेला माणूस संगीत नाटकाचे परीक्षण करतो आणि लोक ते वाचतात. त्याच न्यायाने ज्याच्याकडे बंदूक नाही, परवाना नाही, आणि ज्याची शिकार मोरीतल्या झुरळापलीकडे गेलेली नाही, त्याने पावसाळी शिकारीच्या बंदुकीची समीक्षा केली तर कुणी भुवया उंचावू नयेत.

शिवाय मी कागलचा. कागलात बंदुकीवर मत नसलेला माणूस सापडणे कठीण. कारण उघड आहे. शाहू महाराज मूळचे आमच्या कागलच्या घाटग्यांचे. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. महाराज शिकारीचे शौकीन, म्हणून शिकारीचे ज्ञान प्रत्येक कागलकराकडे वंशपरंपरेने आले, असा आमचा समज आहे. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळत. चित्त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला गाडीतून माळावर न्यायचे आणि काळवीट दिसले की पट्टी काढायची. पुढे चित्ता देशातूनच संपला. महाराजांचे शिकारीचे दाजीपूरचे रान १९५८ साली अभयारण्य झाले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शौकाच्या शिकारीचा कारभार आटोपला. मते मात्र शिल्लक राहिली. त्यांना कुठला कायदा लागू नाही.

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे आणि शिकारीचे फोटो आहेत. मी ते टीकाकाराच्या नजरेने पाहिले. अशा फोटोंचा एक दोष कुणीच दाखवत नाही, तो असा की ते कोरडे असतात. फेटे कडक, मिशा कडक, ऊन कडक. गुडघाभर चिखलात, डोक्यावर घोंगड्याची खोळ, मिशांतून पाणी ठिबकतेय, असा शिकारी काही मला भिंतीवर आढळला नाही. म्हणजे बंदुकीची खरी परीक्षा जिथे व्हायची तिथे फोटोग्राफर गेलाच नाही. आमच्या जिल्ह्यात तर चार महिने पाऊस. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेने पुणे-बेंगळुरू हायवेसुद्धा बंद पाडला. जिथे हायवे टिकत नाही तिथे बंदूक टिकेल काय, हा प्रश्न अगदी वाजवी आहे.

आता एकेक उमेदवार घेऊ.

पहिली ठासणीची बंदूक. सह्याद्रीच्या कडेने पीक राखायला हिचेच परवाने पुष्कळ. नळीत तोंडाकडून दारू घालायची, ठासायची, छर्रे घालायचे, पुन्हा ठासायचे. काळी दारू हवेतला ओलावा शोषून घेते. त्यामुळे श्रावणात चाप ओढला की आधी "टिक्" असा आवाज होतो, मग विचार होतो, आणि मग काही वेळा बार उडतो. तोवर डुक्कर पलीकडच्या वाफ्यात. दुसरा बार भरायचा तर पुन्हा सगळा संसार मांडायचा, तोही पावसात. जुन्या पिढीतल्या लेखकासारखी ही बंदूक आहे. आदर ठेवावा, अपेक्षा ठेवू नये.

दुसरी दुनळी. ही मला जवळून माहीत आहे, कारण आमच्या बँकेच्या दाराशी ती रोज आठ तास उभी असते. तिच्यामागे आमचे गार्ड उभे असतात. ते बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. त्यांना सगळे सुभेदार म्हणतात, मॅनेजरसुद्धा. दुनळी मधून मोडायची, दोन काडतुसे घालायची, मिटायची. फिरणारे भाग थोडे, म्हणून बिघडणारेही थोडे. नळीत पाणी गेले तर मोडून तिरकी धरा, निघून जाते. एक बार फुसका निघाला तरी दुसरी नळी स्वतंत्र असते. दोष एकच, बार दोनच. तिसऱ्या बाराच्या वेळी जनावर आणि तुम्ही समोरासमोर असता आणि दोघांनाही काय बोलावे ते सुचत नाही.

तिसरी आपोआप भरणारी. ही झाडलेल्या बाराच्याच जोरावर पुढचे काडतूस आत घेते. कल्पना उत्तम. पण काडतूस ओले, नरम निघाले की हिला जोर मिळत नाही आणि ती मध्येच थांबते. वरून मंजुरी आल्याशिवाय न हलणाऱ्या फायलीसारखी. मी बँकेत आहे, त्यामुळे ह्या जातीबद्दल अधिक लिहीत नाही.

चौथी आणि आजच्या परीक्षणाची नायिका, पंप ॲक्शन. अमेरिकेत स्पेन्सर नावाच्या गृहस्थाने ही १८८२ च्या सुमारास चालती केली, ब्राउनिंगने विंचेस्टर कंपनीसाठी १८९७ चे प्रसिद्ध मॉडेल काढले आणि १९५० नंतर रेमिंग्टनची ८७० अशी खपली की आकडा एक कोटीच्या वर गेला. आपल्या सरकारी ऑर्डनन्स कारखान्यांनीही बारा बोअरची पंपवाली केली. हिच्या नळीखाली आणखी एक नळी असते. तीत चारेक काडतुसे एकापाठोपाठ उभी असतात, एस.टी. येण्यापूर्वी असते तशी नव्हे, खऱ्या रांगेसारखी. डाव्या हाताची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर, पुढे ढकलली की भरलेले आत.

पावसात हिचा गुण असा की हिला बाराच्या जोराची गरज नाही, तुमच्या हाताची आहे. काडतूस फुसके निघाले? ओढा, फेका, दुसरे घ्या. थोडा चिखल गेला? जरा जोरात ओढा. पूर्वी कागदी काडतुसे ओलीने फुगून नळीत अडकत. १९६० पासून प्लॅस्टिकची आली आणि तीही तक्रार गेली. दस्ताही प्लॅस्टिकचा घ्यावा, लाकूड फुगते. नळीला चकचकीत निळसर झिलईपेक्षा राखाडी, खरबरीत मुलामा बरा. तो दिसायला गरीब पण गंजाला दाद देत नाही. पावसातून आल्यावर मात्र सुभेदारांचा नियम पाळायचा. आधी बंदूक पुसायची, मग डोके. नळीतून फुलथ्रू ओढायचे, तेलाचा हात फिरवायचा, आणि काडतुसांच्या नळीतली स्प्रिंग विसरायची नाही, कारण गंज नेहमी न दिसणाऱ्या जागी आधी चढतो. दोष? घाबरलेला माणूस मूठ अर्धीच ओढतो, मग ना जुने बाहेर ना नवे आत. पण हा दोष बंदुकीचा नव्हे.

असे माझे परीक्षण तयार होते. तेवढ्यात गेल्या भाद्रपदात सेनापती कापशीकडचे एक शेतकरी काउंटरवर आले. अंगावर इरले, पायांत चिखल.

"सायेब, पंपाला कर्ज मिळंल का?"

मी शेतीपंपाचा फॉर्म पुढे केला. "किती हॉर्सपॉवर?"

"हॉर्सपावर न्हाई. बारा बोअर."

"बारा बोअर मारलेत? एकालाही पाणी नाही?"

"पाणी वरनं पडायलंय की सायेब! डुक्कर मारायचा पंप वो. हापशाची बंदूक!"

वाणिज्य शाखेत आम्हाला शिकवले ते सगळे एका क्षणात अपुरे पडले. मी त्यांना समजावून सांगितले की बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले तर त्यातला एक नेमका बसेल एवढी नळी. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "आनि एक एकर भुईमुगाचं किती गोळं हुत्यात?"

हिशेब असा होता. एक एकर भुईमूग. काढणी आठ दिवसांवर. दोन रात्री पाऊस लागला, राखणीला कुणी गेले नाही, आणि उसातून डुकरांचा कळप उतरला. डुक्कर खाते थोडे, उकरते फार. सकाळी रान नांगरल्यासारखे. बी, खत, मजुरी सगळी आमच्याच कर्जातली. हप्ता दिवाळीनंतर. मी जी वस्तू गुणदोष लावून तपासत होतो तिच्यावर ह्या माणसाचे वर्ष अडकले होते.

मी कायदा काढला. बंदुकीचा परवाना कलेक्टर कचेरीतून, पोलीस चौकशीनंतर. २०१६ च्या नियमांप्रमाणे आधी बंदूक हाताळण्याचे प्रशिक्षण. परवाना मिळाला तरी डुकरावर बार टाकायचा तर वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखाली वनखात्याची परवानगी निराळी. शिवाय निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येऊ शकतो.

ते म्हणाले, "सायेब, ह्यो सगळा अर्ज मी करायचा. डुक्कर काय करतंय? डुक्कर अर्ज करत न्हाई."

मी सुभेदारांकडे पाहिले. म्हटले, फौजी माणूस, पंपाच्या बाजूने बोलेल. सुभेदार दार सोडून कधी हलत नाहीत. तिथूनच म्हणाले,

"पाव्हणं, बंदूक चांगलीच हाय. मी हाताळलीया. पावसात मार खात न्हाई. पर मला सांगा, रातच्याला पाऊस लागलाय, बॅटरीच्या उजेडात धारा तेवढ्या दिसत्यात, उसात कायतरी हाललं. ते काय हाय?"

"डुक्कर."

"आनि शेजारच्या रानातला राखण्या? घोंगडं पांघरून वाकून बसलेला?"

शेतकरी बोलले नाहीत. बोलण्यासारखे नव्हतेच. डुक्कर समजून माणसावर बार झाडल्याच्या बातम्या पेपरात अधूनमधून येतात. त्या बातम्यांतली बंदूक बिघडलेली नसते. ती अगदी वेळेवर चाललेली असते.

इथे माझ्या समीक्षेला एक रकाना वाढवावा लागला. नळी, स्प्रिंग, काडतूस, दस्ता, सगळ्यांवर पावसाचा काय परिणाम होतो हे बंदुकांचे जाणकार लिहितात. डोळ्यावर काय होतो, हे कॅटलॉगात नसते. ठासणीची बंदूक ओलीने उडत नाही, हा मी तिचा दोष म्हणून मांडला होता. सुभेदारांच्या मते पावसाळी रात्री तो तिचा एकमेव गुण आहे. दोन टीकाकारांत एवढा मतभेद चालायचाच.

सुभेदारांनी खिशातून फौजेतली शिटी काढली आणि शेतकऱ्यांच्या हातावर ठेवली. मी तिचेही परीक्षण केले. भिजली तरी वाजते, कुणाला लागत नाही, परवाना नको, निवडणुकीत जमा करावी लागत नाही. बंदुकीला लावलेल्या बहुतेक कसोट्यांवर ती उतरली.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. शिटी परत करायला. तीन रात्री डुकरे पळाली. चौथ्या रात्री उभी राहून ऐकू लागली. पाचव्या रात्री शिटीवर आली.

"आता निदान कधी येत्यात ते तरी कळतंय," ते म्हणाले, आणि हप्त्याचे विचारले.

मुदतवाढीच्या आमच्या फॉर्मवर पीक बुडण्याची कारणे छापलेली आहेत. अतिवृष्टी, पूर, अवर्षण, रोग. डुक्कर नाही. मी शेवटच्या "इतर" समोर डुक्कर असे स्वच्छ अक्षरात लिहिले, खाली भुईमूग, एक एकर, असे लिहिले, आणि फाइल मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. ती अजून तिथेच आहे. दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा उद्या करणार. ह्या फायलीची जात तिसरी, हे मला माहीत आहे. पण पंपाचा एक धडा मी घेतला आहे. जी आपोआप चालत नाही ती हाताने ओढायची, आणि अर्धी ओढायची नाही.