पडद्यावरची मराठी

मराठी माणूस वाचत नाही, ही तक्रार आता सवयीनेच केली जाते. मला ती पटत नाही. लोकलच्या डब्यात, एसटीच्या थांब्यावर माणसे मोबाइलवर सतत मराठीच वाचत असतात. उणीव आहे ती दीर्घ, सलग मजकुराची. तो पडद्यावर सुखाने वाचता यावा, याची काळजी आपण घेतलीच नाही.

दिवाळी अंकांचेच पाहा. का. र. मित्र यांनी 1909 मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि एक थोर परंपरा सुरू झाली. आज तिचा ‘डिजिटल’ अवतार म्हणजे बहुतेकदा छापील पानांची पीडीएफ. दोन स्तंभांचे पान बोटांनी मोठे करायचे, ओळ संपली की बाजूला सरकवायचे, स्तंभ संपला की पुन्हा वर जायचे. अशी दहा पानी कथा कोण शेवटपर्यंत वाचेल? मग दोष वाचकाच्या चंचलपणावर जातो.

दुखण्याचे मूळ अक्षरजुळणीत आहे. संगणकावर मराठी आली तेव्हा जुन्या फॉन्टांनी देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवले. 1991 मध्ये युनिकोड ही सर्व लिपींसाठीची सामायिक संकेतप्रणाली आली, तिच्यात देवनागरीही होती; तरी छपाईच्या व्यवसायात जुने फॉन्ट वर्षानुवर्षे टिकले. त्या फॉन्टांतल्या फाइली ते फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या की अक्षरांचा काला होतो. त्यांत शब्द शोधता येत नाही. सर्वांत क्लेशदायक म्हणजे, दृष्टिहीन वाचकाला मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली अशा मजकुरापुढे हतबल होते. ज्या भाषेत इतके लिहिले गेले, तिच्या एका मोठ्या वाचकवर्गाला आपण दाराबाहेर ठेवले आहे.

चांगले कामही झाले आहे. मराठी विश्वकोश युनिकोडमध्ये शोधता येतो. विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात स्वयंसेवक जुन्या पुस्तकांची पाने एकेक करून तपासतात. या कामाची म्हणावी तशी दखल घेतली जात नाही. 2015 पासून ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मुलांसाठी मराठी गोष्टी मोफत मिळतात. श्राव्य पुस्तकांनी कादंबरीला नवे श्रोते दिले. पण वैचारिक निबंध किंवा समीक्षा मागे वळून, थांबून वाचावी लागते. तिथे कान पुरत नाही.

मुलांच्या हाती साधन पोहोचले आहे. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील 14 ते 16 वयोगटातील 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारी 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी 76 टक्के. या मुलांना त्याच फोनवर सहज वाचता येईल असे मराठी पुस्तक सापडायला हवे.

प्रकाशकांना माझी कळकळीची विनंती आहे : तुमच्या संगणकांतल्या जुन्या फाइली बाद होण्याआधी युनिकोडमध्ये आणा. आणि वाचकांनो, यंदा डिजिटल दिवाळी अंक विकत घेताना तो मोबाइलवर नीट वाचता येईल अशा स्वरूपात मागा.