उदाहरणार्थ, वगैरे

आमच्या घरात 'वगैरे' या शब्दावर बंदी आहे. एकदा वाण्याच्या यादीत मी 'साखर, चहा, तूरडाळ वगैरे' असं लिहिलं आणि पोऱ्याने साखर, चहा आणि तूरडाळ तेवढी आणून टाकली. "अहो, तेल काय त्या वगैरेत होतं?" इथून सुरुवात करून हिने मला जे ऐकवलं, ते इथे देत नाही.

अशा माणसाने भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' पुन्हा वाचायला घ्यावी, म्हणजे आगीतून फुफाट्यात! १९६३ साली आलेली ही कादंबरी मी प्रथम कॉलेजात वाचली. पुढे वर्षभर आमचा सगळा कंपू पांडुरंग सांगवीकरासारखा बोलत होता. "उदाहरणार्थ चहा वगैरे घेणार का?" असं आम्ही गंभीर चेहऱ्याने विचारत असू. पैसे द्यायची वेळ आली, की मात्र सगळेच वगैरे होत.

या खेपेला पेन्सिल घेऊन बसलो. हे दोन शब्द आले, की खूण करायची. पहिल्याच ओळींत पेन्सिलीला काम लागलं. पांडुरंग स्वतःचं वय सांगतो पंचवीस, पण आधी 'उदाहरणार्थ' लावून. म्हणजे वयसुद्धा नमुन्यादाखल! लगेच वाचकाकडे वळतो, तर वाचकाच्या शेपटाला 'वगैरे'. पदरचे पैसे घालून पुस्तक घेणारा मी, आणि माझी गणती वगैरेत!

मग लक्षात आलं, की हे शब्द दोन वेगळ्या गावचे आहेत. 'उदाहरणार्थ' संस्कृत, मास्तरांचा. आधी नियम, मग उदाहरणार्थ, मग नमुना. 'वगैरे' मूळचा अरबी. फारशीचं बोट धरून मराठीत आला आणि कचेरीत रुळला. घर, विहीर, झाडं वगैरे. एक शब्द पुण्याच्या वर्गातला, दुसरा सांगवीतल्या वडिलांच्या दप्तरातला, असं आपलं मला वाटतं. पांडुरंग या दोन्हींत कुठेच नीट बसत नाही. म्हणून तो नियम न सांगताच उदाहरण देतो आणि यादी न करताच वगैरे म्हणतो. नियम त्याला सापडलेला नाही, आणि यादी कुठे संपेल याचा भरवसा नाही. विद्वान मंडळी याला मोठमोठी नावं देतात. मला तो संकोच वाटतो. फार वाटतंय, पण बोलायची लाज वाटते, अशा मुलाने त्यावर टाकलेला टॉवेल.

वाचत वाचत धाकट्या मनीपाशी आलो. देवीच्या रोगाने ती जाते. पेन्सिल कधी खाली ठेवली, कळलं नाही. पुढचा हिशेब चुकला तो चुकलाच.

माझे वडील गेले, तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होतो, "डॉक्टर वगैरे सगळं केलं." त्या वगैरेत काय होतं? शेवटच्या रात्री त्यांनी मला दोनदा हाक मारली होती. मी दुसऱ्या हाकेला उठलो.

"किती झाले मग तुमचे वगैरे?" हिने विचारलं. मी पहिल्यांदाच तिला त्या हाकेचं सांगितलं. ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी यादी तिनेच केली. सगळ्यांत वर तेल होतं. शेवटी, तिच्या गोल अक्षरात, 'वगैरे'.