मुदत आणि शेवट

ठराविक मुदतींत लिहिलेलें लेखन हलकेंच असावयाचें, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. प्रतिभा ही घड्याळाची दासी नव्हे, असें म्हटलें म्हणजे या प्रश्नाचा निकाल लागला असें पुष्कळांस वाटतें. दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिकांविरुद्ध जी ओरड ऐकूं येते, तिच्या मुळाशींही हीच समजूत आहे. रोज एक भाग पुरा करून द्यावयाचा, मग त्यांत वाङ्मय कोठून येणार, असा तो युक्तिवाद. मालिका बव्हंशीं निकृष्ट असतात हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्याचें जें कारण सांगितलें जातें, तें आमच्या मतें खरें नव्हे.

या वादांत पहिली साक्ष हरि नारायण आपटे यांची घेतली पाहिजे. १८९० मध्यें त्यांनीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक सुरू केलें आणि पाव शतकाहून अधिक काळ तें चालविलें. आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. पुण्याच्या नगरपालिकेचें कामही त्यांनीं अंगावर घेतलें होतें. अशा धांदलींत आठवडा भरला कीं छापखान्यास मजकूर हवाच असे. निवांतपणा हीच उत्तम लेखनाची अट असती, तर ‘करमणुकीं’तून क्रमशः प्रसिद्ध झालेली ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी जन्मासच आली नसती. मुदतीच्या खुणा तिच्या अंगावर आहेत. पाल्हाळ आहे, पुनरुक्ति आहे, मूळ कथेस सोडून दूर जाणें आहे. तथापि याच लेखनरीतीनें तिला एक मोठा गुणही दिला. यमू आपली हकीकत लिहीत नसून समोर बसून सांगत आहे, असें वाचतांना वाटतें. आठ दिवसांनीं पुन्हां भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाशीं जशा जिव्हाळ्यानें बोलावें, तशी ती भाषा आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट कादंबरीच्या शेवटाची. रघुनाथरावांसारखा समंजस पति आणि मुंबईंतील सुखाचे थोडे दिवस यमूला देऊन लेखकानें तें सर्व काढून घेतलें. वैधव्य आणि केशवपन तिच्या वाट्यास आलें. केवळ वर्गणीदारांची मर्जी राखावयाची असती, तर या मुलीला वांचविणें कांहीं कठीण नव्हतें. आपट्यांनीं तें केलें नाहीं, कारण तसें केल्यानें कादंबरीचें नांवच खोटें ठरलें असतें. मजकुराची तारीख छापखान्याच्या हातीं होती. शेवट मात्र लेखकाच्या हातीं होता. त्यांच्या कांहीं कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, हेंही येथें सांगितलें पाहिजे. हप्ते वेळेवर दिले म्हणून शेवट आपोआप हातीं येतो असें नाहीं. तो लेखकास निराळाच कमवावा लागतो.

आतां मालिकांकडे वळूं. दिल्लीस १९५९ मध्यें दूरचित्रवाणीचा आरंभ झाला आणि मुंबईचें केंद्र १९७२ मध्यें निघालें. पुढें मालिका आल्या त्या पुष्कळदां तेरा भागांच्या असत आणि आठवड्यास एक भाग दिसे. तेव्हांही मुदत होतीच. पण तेरावा भाग कोणता हें लिहिणारास ठाऊक असे. खासगी वाहिन्यांच्या काळांत ही मर्यादा सुटली. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली; तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. अशा कामांत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे अशी वांटणी असते, आणि टी. आर. पी. नांवाचा जो आंकडा दर आठवड्यास येतो तो कथेची दिशा ठरवितो. यमूची गोष्ट या पद्धतीनें सांगावयाची झाली तर काय होईल? रघुनाथराव वारल्यावर आंकडा घसरतांच ते स्मृति हरवलेल्या अवस्थेंत कोठेंतरी नदीकांठीं सांपडतील! मग यमूचें दुःख हें दुःख न राहतां केवळ खोळंबा होईल. ज्या कथेस शेवट नाहीं तिच्यांत मरणही परत फिरविता येतें, आणि जें परत फिरविता येतें त्याची प्रेक्षकाच्या मनाला धास्ती वाटत नाहीं. मालिकांच्या निकृष्टपणाचें मूळ येथें आहे.

मुदत कडक असून शेवट शाबूत राहिल्याचें उदाहरण आमच्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टींत, झाडीपट्टीच्या रंगभूमींत सांपडतें. धानाची कापणी आटोपली म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत मंडई आणि शंकरपट यांच्या निमित्तानें गांवोगांव रात्रभर नाटकें होतात. वैनगंगेपलीकडे वडसा येथें नाटक मंडळ्यांचीं कार्यालयें आहेत. तेथें येऊन लोक नाटकें ठरवून जातात. नाटककारास नवें नाटक हंगामापूर्वी द्यावें लागतें, कारण शंकरपटाचा दिवस त्याच्यासाठीं थांबत नाहीं. या नाटकांत भडकपणा असतो, नाचगाणीं ओढूनताणून घातलेलीं असतात. तें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. तरीही घरांत दूरचित्रवाणी असलेला शेतकरी तिकीट काढून थंडींत पहांटेपर्यंत मंडपांत बसतो. उजाडतांना गोष्ट संपणार आणि तिचा निवाडा आपणच करणार, हें त्याला पक्कें ठाऊक असतें. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांस २०२३ मध्यें पद्मश्री मिळाली; या श्रोतृवर्गाच्या निष्ठेचाही तो गौरव होय.

भद्रावतीसारख्या, म्हणजे जुन्या भांदकसारख्या, गांवीं लिहिणाऱ्यास हा विचार विशेष उपयोगी आहे. एकीकडे दारूगोळ्याचा कारखाना, दुसरीकडे कोळशाच्या खाणी. येथील दिवस पाळीच्या भोंग्यानें कापलेला असतो. येथें लिहिणारा माणूस बहुधा दुसरी नोकरी सांभाळून लिहितो, आणि संध्याकाळीं जे दोन-तीन तास त्याला उरतात नेमके तेच घरांत मालिकांचे असतात. दूरचित्रवाणी बंद करा, हा उपदेश त्याला करणें सोपें आहे. त्याच्या बिऱ्हाडांत तो चालणें कठीण. मालिका कानांवर पडल्यानें त्याचा वेळ जातो, पण वेळ पहांटे उठून भरून काढतां येतो. प्रसंग पुढें ढकलीत राहण्याची संवय जडली तर ती भरून निघत नाहीं. उद्यां अशा लेखकास मालिकेचें काम मिळालें, तर त्यानें तें जरूर करावें. पोटासाठीं लिहिण्यांत हीनपणा नाहीं. दिवाळी अंकाची तारीख असो कीं वाहिनीची, तीही दुसऱ्यानें ठरविली तरी चालेल. मात्र काम पत्करतांना ही गोष्ट कोठें संपणार आणि तें कोण ठरविणार, एवढें त्यानें मोबदल्याच्या आधीं विचारून घ्यावें.