कंट्रोल ग्रुप कुठाय? फार्मासिस्टवरचे दोन अभ्यास वाचताना

सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक मोह हमखास होतो. आपल्याला हवा तोच निष्कर्ष सांगणारा पेपर सापडतो आणि आपण 'हे सिद्ध झाले आहे' असं लिहून मोकळे होतो. मीही तेच केलं होतं. गाइडनी मसुद्याच्या समासात तीनच शब्द लिहिले : कंट्रोल ग्रुप कुठाय?

तो पेपर होता अमेरिकेतल्या ॲशव्हिल प्रकल्पावरचा. नॉर्थ कॅरोलिनातल्या या शहरात १९९० च्या दशकात मधुमेही कर्मचाऱ्यांसाठी एक योजना सुरू झाली. प्रशिक्षण घेतलेले, नेहमीच्या औषध दुकानांतले फार्मासिस्ट त्यांना ठरावीक काळानं भेटायचे. साखरेच्या नोंदी बघायचे, औषधं कशी घेता ते विचारायचे, पाय तपासायचे, गरज असेल तर डॉक्टरांकडे पाठवायचे. २००३ साली दीर्घकालीन निकाल छापून आले. सरासरी एचबीएवनसी उतरलं होतं आणि थेट वैद्यकीय खर्च दरवर्षी माणशी १,२०० ते १,८७२ डॉलरनं कमी झाला होता.

आकडे छानच आहेत. पण तुलना कोणाशी केली? त्याच रुग्णांच्या आधीच्या स्थितीशी. इथे तीन शंका येतात. एक, हे लोक स्वतःहून सहभागी झाले होते, म्हणजे मुळातच तब्येतीबद्दल जागरूक असतील. दोन, भाग घेणाऱ्यांना मधुमेहाच्या औषधांसाठी स्वतःच्या खिशातून द्यावा लागणारा वाटा माफ होता. मग फरक सल्ल्यानं पडला की फुकट औषधानं? तीन, साखर खूप वाढलेली असताना माणूस योजनेत आला, तर पुढच्या मोजणीत ती काही न करताही थोडी सरासरीकडे सरकू शकते. लेखकांनी यातलं काही लपवलं नव्हतं हं. पेपरमध्ये स्पष्ट लिहिलंय की हा अर्ध-प्रायोगिक, 'आधी-नंतर' पद्धतीचा अभ्यास आहे. चूक माझ्या वाचनात होती.

आता त्याच्या शेजारी 'होमर' चाचणी ठेवा. इंग्लंडमधल्या नॉरफोक आणि सफोक भागातली, २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेली. तातडीनं दाखल होऊन घरी परतणारे, ऐंशीच्या पुढचे ८७२ रुग्ण. गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पाडलेले. एका गटाकडे फार्मासिस्ट दोनदा घरी गेले, औषधं समजावली, मुदत संपलेली काढून टाकली, अडचणी डॉक्टरांना कळवल्या. अपेक्षा होती की पुन्हा दाखल होणं कमी होईल. सहा महिन्यांनी साध्या गटात १७८ वेळा, तर फार्मासिस्टच्या गटात २३४ वेळा रुग्ण परत दाखल झाले होते. म्हणजे सुमारे ३० टक्के जास्त!

मग फार्मासिस्टनं नुकसान केलं का? थांबा, इथेही घाई नको. आजार नीट कळल्यामुळे लोक लवकर मदत मागायला लागले असतील, ही एक शक्यता आहे. या गटात मृत्यू कमी होते, ४९ विरुद्ध ६३; पण तो फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीनं ठाम म्हणण्याइतका नव्हता. म्हणजे 'पुन्हा दाखल होणं' हा निकष कायम वाईटच समजायचा का, हाच प्रश्न उरतो.

हे दोन अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. एकीकडे नोकरी करणारे मधुमेही आणि वर्षानुवर्षांची ओळख; दुसरीकडे नुकतेच दवाखान्यातून आलेले म्हातारे आणि फक्त दोन भेटी. दोन्हींना 'फार्मासिस्टचा हस्तक्षेप' असं एकच लेबल लावलं, की गोंधळ होणारच.

म्हणून शोधनिबंध वाचताना वहीत चार गोष्टी लिहा : रुग्ण कोण, नेमकं केलं काय, तुलना कोणाशी, मोजलं काय. मी माझं वाक्य बदललं. 'फार्मासिस्टमुळे रुग्ण सुधारतात' हे खोडून लिहिलं, 'कोणत्या रुग्णांना, किती भेटींनी, कशात फरक पडतो, हे तपासायचे आहे.' गाइडनी या वेळी समास कोरा सोडला.